‘दोन अक्षरं तर आहेत’: लालबागच्या एका अक्षरकाराचं प्रकरण

मी दादरला लोकांचे कराचे हिशेब बघतो. अशिलांमध्ये व्यापारी जास्त, पण गेल्या काही वर्षांत चित्रकार, फोटोग्राफर, नेपथ्यवाले, केकवर नक्षी काढणाऱ्या मुली असेही बरेच आलेत. त्यांचे कागद बघताना एक गोष्ट सारखी जाणवते. हातात कला असते, कामही येतं, पण बिल कशाचं करायचं हेच ठरलेलं नसतं. खालचं प्रकरण त्यातलंच आहे. जिचं आहे तिला विचारून लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि आकडे गोल केलेत. चाळीत तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो, वयाने ती माझ्या मुलीएवढी असली तरी.

पार्श्वभूमी

ताईचे वडील, अण्णा, लालबाग-परळ भागातले पेंटर. १९८२ चा गिरण्यांचा संप झाला तेव्हा ते पंचविशीत होते. खानावळी, सलून, पिठाच्या गिरण्या, मंडळांचे मांडव, सगळ्यांच्या पाट्या हाताने. खडू लावलेला दोरा ताणायचा, टिचकी मारून ओळ पाडायची आणि त्या ओळीला अक्षरं टांगायची. संपानंतर गिरण्या गेल्या, तरी पाट्यांचं काम बरीच वर्षं टिकून होतं. ते खाल्लं फ्लेक्सने. नंतर अण्णांकडे उरल्या त्या सोसायट्यांच्या लॉबीतल्या नावांच्या पाट्या. भाडेकरू बदलला की एक नाव पुसून दुसरं लिहायचं.

ताई उपयोजित कला शिकली आणि लोअर परळच्या एका स्टुडिओत पॅकेजिंग डिझाइनर म्हणून लागली. पगार महिना ३४,०००. कामात इंग्रजीच जास्त, देवनागरी पाकिटाच्या मागच्या बाजूला नियमापुरती. पण तिचा खरा हात अक्षरांवर. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली शीर्षकं, अच्युत पालव यांचं सुलेखन बघत ती मोठी झाली, आणि घरात रोज अण्णांची बोटं होतीच.

अडचण

२०२३ च्या गणपतीनंतर ती पहिल्यांदा माझ्याकडे आली, ती विवरणपत्र भरायला नाही. म्हणाली, “काका, मला यातून पैसे मिळू शकतात का, एवढंच सांगा.”

मी तिला वर्षभरात केलेलं प्रत्येक काम वहीत लिहून आणायला सांगितलं. ३१ कामं निघाली. मावसबहिणीची लग्नपत्रिका, मंडळाचं बॅनर, मित्राच्या एकांकिकेचं शीर्षक, कुणाच्या बाळाच्या बारशाचं कार्ड, कुणाच्या टेम्पोवरचं नाव. पैसे आले होते ७ कामांचे, सगळे मिळून ११,४००. उरलेल्या २४ जणांपैकी बहुतेकांचं एकच वाक्य होतं: “दोन अक्षरं तर आहेत, काढून दे ना.”

लोकांना मी फारसा दोष देत नाही. आर. के. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ फाँट विंडोजबरोबर घराघरात पोचला. त्यामागे एका माणसाची किती मेहनत आहे हे वापरणाऱ्याला कळायचं कारणच नव्हतं. अक्षरं कॉम्प्युटरबरोबर फुकट येतात असा समज झाला तो झालाच. आणि ताईकडेही त्याला उत्तर नव्हतं. ती भाव सांगायची तो लागलेल्या वेळाचा. समोरचा म्हणायचा, तुला तर पटकन जमतं!

समोर असलेले पर्याय

एक प्रयोग ती आधीच करून बसली होती. मराठी ओळी छापलेले १२० टी-शर्ट, प्रत्येकी खर्च २१०. ४५० ला विकले गेले ५२. म्हणजे २५,२०० घालून २३,४०० परत. उरलेले ६८ तिचा भाऊ अजून घरात घालतो. टी-शर्टमध्ये तिने डिझाइन विकलं नाही, कापडाचा धंदा केला. मापं, स्टॉक, कुरियर, आणि त्यातलं तिला काहीही येत नव्हतं.

दुसरा पर्याय सुलेखनाच्या कार्यशाळेचा. दादरला हॉल घेऊन दोन रविवार घेतल्या, फी १,२००. पहिल्या खेपेला १६ जण आले आणि हॉलचं भाडं, कागद-शाई जाऊन ११,००० हातात राहिले. दुसऱ्या खेपेला ६ जण, राहिले १,०००. पहिल्या वेळचे १६ म्हणजे ओळखीचे सगळे संपले, एवढाच त्याचा अर्थ होता.

तिसरा पर्याय स्वतःचा फाँट काढून विकण्याचा, आणि तिचं मन इथेच अडकलं होतं. यावर आम्ही दोन संध्याकाळी घालवल्या. इंग्रजीत मोठी-छोटी लिपी, आकडे आणि चिन्हं धरली की काम आवाक्यात येतं. देवनागरीत जोडाक्षरं आहेत, अर्धी व्यंजनं आहेत, रफार आहे, ‘दुसऱ्या’मधला चंद्रकोरीसारखा र आहे, आणि पहिल्या वेलांटीची कमान पुढच्या अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांबवावी लागते. आकृत्यांची संख्या कित्येक शेकड्यांत जाते. नोकरी सांभाळून रात्री दोन तास बसली तर वर्ष सहज गेलं असतं. आणि विकायचं कुणाला? मुंबईच्याच ‘एक टाइप’ या फाँट-स्टुडिओने केलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फाँट खुल्या परवान्याखाली कुणालाही मोफत मिळतात, आणि ते चांगले आहेत. फुकट आणि चांगलं असेल तिथे नवख्याने किमतीवर भांडू नये, असं मी तिला सांगितलं. तिला ते आवडलं नाही. दोन दिवस फोन उचलला नाही.

चौथा पर्याय आमच्या यादीत नव्हताच. तो सर्वोच्च न्यायालयातून आला.

पाट्यांचा पूर

महाराष्ट्रात दुकाने-आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने दुकानं छोटी असोत की मोठी, पाटी मराठीत, देवनागरीत लावणं बंधनकारक झालं. मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, हेही त्यातच. व्यापारी न्यायालयात गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांत पाट्या लावायला सांगितलं आणि मुदत संपताच नोव्हेंबरच्या शेवटी महापालिकेची तपासणी सुरू झाली. दंड माणशी २,०००, म्हणजे जितके कामगार तितके पट.

फ्लेक्सवाल्यांकडे आणि एलईडी अक्षरं करणाऱ्या बोर्डवाल्यांकडे रांगा लागल्या. घाईत काय काय झालं ते त्या डिसेंबरात मुंबईत फिरलेल्यांना आठवत असेल: तुटलेली जोडाक्षरं, वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे, आणि सगळीकडे हिंदी वळणाचे ल आणि श. मराठीचे ल आणि श कसे असावेत हे शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात चित्रासकट सांगितलेलं आहे. पण बोर्डवाल्याच्या मशीनमध्ये जो फाँट असेल तोच उमटतो.

लालबागच्या एका बोर्डवाल्याला अण्णा ओळखत होते. त्याला अशी फाइल हवी होती की जोडाक्षर तुटणार नाही आणि मशीन कापताना अडणार नाही. भाव, पाटीमागे १,५००. ताईने होय म्हटलं.

पहिला निर्णय: नोकरी सोडायची का?

जानेवारीत ती राजीनामा लिहून घेऊनच आली. दीड महिन्यात २० पाट्या झाल्या होत्या आणि रात्रीची झोप गेली होती. मी म्हटलं, हा पाऊस आहे, नदी नाही. मुदतीमुळे आलेलं काम मुदतीबरोबर जातं. सहा महिन्यांचा आकडा हातात येऊ दे, मग बोलू.

त्याच बैठकीत दुसरी गोष्ट निघाली. मी तिचं नेमणूकपत्र मागितलं. तिने सही करताना ते वाचलंच नव्हतं. त्यात बाहेरचं काम करायला बंदी होती, आणि नोकरीच्या काळात केलेली सगळी निर्मिती कंपनीची असं एक सैलसर कलम होतं. कॉपीराइट कायद्यानेही नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे मालक-कंपनीच असते. घरी रात्री केलेलं काम त्यात येत नाही असं म्हणता येतं, पण पत्रातलं कलम सैल असलं की वाद घालायला जागा राहते. ताईने बॉसकडे सरळ परवानगी मागितली. मला भीती वाटत होती. बॉसने ईमेलवर दोन ओळींत होकार दिला, अट एकच, स्टुडिओच्या ग्राहकांचं काम घ्यायचं नाही. त्या ईमेलची प्रिंट माझ्या फायलीत आहे.

दुसरा निर्णय: गिऱ्हाईक कोण?

मार्चअखेर हिशेब मांडला. चार महिन्यांत ४१ पाट्या. त्यातल्या २९ बोर्डवाल्यांमार्फत, १,५०० प्रमाणे ४३,५००. उरलेल्या १२ थेट दुकानदारांच्या, सरासरी ५,००० प्रमाणे ६०,०००. दुपटीपेक्षा जास्त पाट्या करून पैसे कमी. शिवाय बोर्डवाल्यांपैकी एकाने १५ पाट्यांचे २२,५०० थकवले ते थकवलेच.

दुकानदार थेट ५,००० का देत होते, याचं श्रेय अण्णांचं. गिरगावात एका उडुपी हॉटेलच्या पाटीसाठी ताई लॅपटॉप उघडून शेटना तीन नमुने दाखवत होती. शेट मान डोलवत होते, पण ठरत काहीच नव्हतं. अण्णा सहज बरोबर गेले होते. ते उठले, नमुन्याची प्रिंट घेतली, रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर गेले आणि दोन्ही हातांनी कागद डोक्यावर धरून उभे राहिले. बेस्टची एक बस मधून गेली. बस गेल्यावर ओरडले, “शेट, वाचा!” शेटना पहिला नमुना वाचता आला नाही, तिसरा आला. परत येऊन अण्णा लेकीला एवढंच म्हणाले, “ल चा पाय आखूड कर. आणि पाटी कधी टेबलावर बसून ठरवायची नाही.”

तेव्हापासून ताई प्रत्येक दुकानदाराला समोरच्या फुटपाथवर नेते. दोन प्रिंट असतात: एक बोर्डवाल्याच्या मशीनमधल्या फाँटची, एक तिची. ल च्या वळणाशी शेटना काही सोयरसुतक नसतं. पण दोन कागद शेजारी धरले की कोणतं नाव आपल्या दुकानाचं दिसतं ते त्यांना बरोबर कळतं. काम तेच, अक्षरं तीच. फरक एवढाच की वाचता येणं ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत घडते आणि ‘दोन अक्षरं’ म्हणायची सोय राहत नाही.

एप्रिलमध्ये ४ पाट्या आल्या, मेमध्ये १, जूनमध्ये २. राजीनामा माझ्या ड्रॉवरमध्येच होता.

तिसरा निर्णय: फरसाणाचं पाकीट

या प्रकरणाचा गाभा हा. डिसेंबरात ताईने एका फरसाणवाल्याची पाटी केली होती. घरचाच धंदा, चार शाखा, फी ६,०००. शेटच्या मुलाने व्हॉट्सॲपवर ओपन फाइल, म्हणजे हवे ते बदल करता येतात ती मूळ फाइल, मागितली, तिने पाठवून दिली. मार्चमध्ये दादर स्टेशनच्या पुलाखाली टपरीवर शेवेचं पाकीट टांगलेलं दिसलं, त्यावर तिचीच अक्षरं. तिने ते १० रुपयांना विकत घेतलं आणि न फोडता माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

तिला वाटत होतं चोरी झाली. मला तसं सरळ वाटत नव्हतं. कायद्यात मोबदला देऊन करवून घेतलेल्या छायाचित्राचा, रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळं ठरलेलं नसेल तर, करवून घेणाराच असतो. पाटीची अक्षरं त्यात बसवता येतात का, यावर दोन वकील दोन तोंडांनी बोलतील. तिच्या बाजूने मुद्दा असा, की हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतं, आणि इथे कागदच नव्हता. पण कागद नसण्याची झळ तिलाही लागत होती, कारण ६,००० नेमके कशाचे हे तीही दाखवू शकत नव्हती.

तिने फोन केला तर शेटचा मुलगा गोड बोलला आणि १५,००० देऊ केले, ‘सगळे राइट्स कायमचे’. आमच्यासमोर तीन वाटा होत्या. पैसे घेऊन मोकळं व्हायचं. नोटीस पाठवायची. किंवा भेटून काय कुठे वापरायचं याची यादी करायची. घरात मतं विभागलेली. भाऊ नोटिशीच्या बाजूने. अण्णांना १५,००० ही रक्कमच मोठी वाटत होती, आयुष्यात एका पाटीला त्यांना कधी एवढे मिळाले नव्हते. नोटिशीला मी विरोध केला. चार शाखांचा फरसाणवाला लालबाग-परळमध्ये सगळ्या दुकानदारांना ओळखतो.

यादीची वाट घेतली. कागदावर लिहिलं: पाकिटं, मिठाईचे बॉक्स, चार शाखांच्या पाट्या. मुदत तीन वर्षं, महाराष्ट्रापुरतं. पाचवी शाखा किंवा टीव्हीची जाहिरात आली तर वेगळं बोलायचं. अक्षरांत बदल करायचा तर तिला विचारून. मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहायचा माझा आग्रह होता, कारण लिहिलं नाही तर हस्तांतर कायद्याप्रमाणे पाच वर्षांचं आणि भारतभराचं धरलं जातं. या सगळ्याचे तिने ४०,००० मागितले. बैठकीत शेट स्वतः आले, पाकीट हातात फिरवत राहिले, मग मुलाला गुजरातीत काहीतरी म्हणाले आणि तयार झाले. दोन पानी करार, २०,००० चे दोन हप्ते.

माझ्या मते ताईचा धंदा सुरू झाला तो या दिवशी. त्याआधी ती अक्षरं काढून देत होती. आता त्यांचा वापर विकते.

वसुली

पहिला हप्ता १८,००० आला. ताई संतापून फोनवर, “काका, दोन हजार खाल्ले!” खाल्ले नव्हते. १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्यानेच आधी कापायचा आयकर, कापून तिच्या पॅनवर भरला होता, आणि तिचा एकूण कर बघता बहुतेक परतच मिळणार होता. कलाकारांकडून हा फोन मला वर्षातून दहा वेळा तरी येतो.

दुसरा हप्ता सप्टेंबर २०२४ मध्ये द्यायचा होता. दिवाळी गेली, नाताळ गेला. सुदैवाने फेब्रुवारी २०२४ मध्येच मी तिची ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी करून घेतली होती. आधारवर होते, फी लागत नाही. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, नसेल तर १५ दिवसांत. आणि तेव्हाच्या आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमामुळे मुदत उलटून थकलेला खर्च देणाऱ्याला बिलाच्या वर्षी वजा करता येत नसे, पैसे प्रत्यक्ष दिले त्या वर्षीच करता येई. शेटला हे सांगून उपयोग नव्हता. मी फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांच्या सीएला दोन ओळींचं पत्र पाठवलं, सोबत उद्यम प्रमाणपत्र. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे जमा.

बोर्डवाल्याच्या २२,५०० ला मात्र हा आधार नव्हता, ती बिलं नोंदणीच्या आधीची. अण्णा तीनदा जाऊन त्याच्या दुकानात बसून आले तेव्हा १४,००० सुटले. बाकीचे ८,५०० सोडून दिले.

कुठे पोचली

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने राजीनामा दिला नाही. आठवड्याचे तीन दिवस आणि २१,००० पगार असं बॉसशी ठरवलं. हा पर्याय आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, तिने आपणहून विचारला. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या वर्षात स्वतःच्या कामाचे २,७१,००० झाले: थेट दुकानदारांच्या २२ पाट्या ६,५०० प्रमाणे, नाटकं-पुस्तकांची ९ शीर्षकं ७,००० प्रमाणे, फरसाणवाल्याचे ४०,००० आणि एका मसालेवाल्या बाईंच्या वापर-परवान्याचे २५,०००. महिन्याला साधारण साडेबावीस हजार पडतात. पूर्ण पगाराइतके अजून नाहीत, आणि यातून प्रिंट, प्रवास, सॉफ्टवेअरचा खर्च जायचा आहे. जीएसटीची २० लाखांची मर्यादा फार लांब आहे.

फुकटची कामं थांबली नाहीत. पण आता तीही वहीत जातात, समोर रक्कम लिहून त्यावर रेघ मारलेली. २०२४-२५ मध्ये अशी ९ होती.

वेगळं काय करता आलं असतं

ओपन फाइल द्यायला नको होती, हे उघड आहे. पाटीसाठी बोर्डवाल्याला लागते ती कापायची फाइल द्यायची आणि बिलावर एक ओळ लिहायची, ‘फक्त अमुक दुकानाच्या पाटीसाठी’. बिल एका ओळीने वाढलं असतं.

उद्यम नोंदणी पहिल्या पाटीच्या आधी करायला हवी होती. ही चूक माझी. डिसेंबरातल्या गडबडीत मी ती पुढे ढकलली आणि ८,५०० त्यातच गेले.

बोर्डवाल्यांचं काम मुळात घ्यायलाच नको होतं, असं ताईला आता वाटतं. मला तसं वाटत नाही. २९ पाट्यांनी तिला मशीनला काय चालतं, कोणती रेघ बारीक झाली की एलईडीची पट्टी बसत नाही, ते शिकवलं. फक्त दहा-बारा पाट्यांनंतर थांबायचं होतं. पुरात हात धुऊन घेताना भाव वाढवायचं राहून गेलं, तेव्हा बोर्डवाल्याने २,५०० ही दिले असते.

फाँटबद्दल माझं मत थोडं बदललंय. सर्वांसाठी फाँट विकणं तेव्हा चुकलंच असतं. पण मसालेवाल्या बाईंना पुढच्या वर्षी सगळ्या पाकिटांवर स्वतःची अक्षरं हवी आहेत, फक्त त्यांच्यासाठी, मोजक्या शब्दांपुरती. हे काम आलं तर ताईच्या दोन दिवस न उचललेल्या फोनचं देणं मी लागतो.

सध्या आमच्यात वाद चालू आहे तो सहीचा. अण्णांच्या काळात पाटीच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव असायचं, खाली ‘लालबाग’. हक्क दिले तरी कामाचा कर्ता म्हणून आपलं नाव सांगायचा अधिकार कायद्याने कलाकाराकडे राहतो, म्हणून ताईने कोटेशनमध्ये ओळ घातली: कोपऱ्यात सही, एक इंच. पहिल्या तीन दुकानदारांनी मान्य केलं. चौथा म्हणाला, सही काढ आणि ५०० कमी कर. ताई कमी करायला तयार होती. अण्णा म्हणतात, सही काढायची तर ५०० जास्त घे.